पक्ष्याच्या घशातला माठ

एप्रिल उजाडला की पेपरात एक फोटो हमखास येतो. कुणाचा तरी वाढदिवस, मागे बॅनर आणि पुढं आठ-दहा जण मातीची भांडी हातात धरून उभे. पक्ष्यांसाठी पाणी ठेवा, असं आवाहन. उपक्रम चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही भांडी हल्ली ऑइलपेंटनं आतून-बाहेरून रंगवलेली असतात, आणि जोडीला व्हॉट्सॲपवर सल्ला फिरत असतो, की दुपारी त्यात बर्फाचे खडे टाका, पाखरांना थंडगार पाणी मिळेल. गारवा नेमका येतो कुठून, हे कळलं की रंगही लावावासा वाटणार नाही आणि बर्फही टाकावासा वाटणार नाही.

आधी भांड्याचं बघू. विकत काहीच आणायला नको. दरवर्षी एखादा माठ गळ्याशी तडकतोच, बूड मात्र शाबूत असतं. तो रात्रभर पाण्यात भिजू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी हॅक्सॉच्या पात्यानं बुडापासून चार बोटांवर सावकाश कापावा. कड फरशीवर घासून बोथट करायची. हे बूड माठाच्याच लोखंडी तिवईवर छान बसतं. माठ नसेल तर कुंडीखालची मातीची थाळी घ्या, नाहीतर माळ्यावर पडलेली परात. पाणी कडेला बोटाच्या एका पेराइतकं आणि मधे फार तर दोन पेरं असावं. परात गुळगुळीत असते, पाय घसरतात, म्हणून तळाला खडी पसरायची आणि मधे एक खडबडीत दगड ठेवायचा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कापून मात्र कधीही वापरू नका, कितीही वेळा धुतलेला असला तरी. कापसाच्या पट्ट्यात असे डबे घरोघरी पडलेले असतात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता माठाकडं वळू. भाजलेल्या मातीत अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला ओल येते आणि तिथून पाणी उडून जातं. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगानं धावत नसतात. पृष्ठभागावरचे जे जास्त वेगवान असतात तेच निसटतात, मागं राहतात ते मंद. सरासरी वेग घसरला म्हणजेच तापमान उतरलं. या निसटण्याची किंमत जबर आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला एक कॅलरी पुरते, पण तेच एक ग्रॅम पाणी आपल्याकडच्या तापमानाला वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातं. (आहारतज्ज्ञांची कॅलरी अशा एक हजार कॅलरींची असते, घोटाळा नको.) शंभर ग्रॅम पाण्यातला एकच ग्रॅम उडाला आणि बाहेरून उष्णता आत आली नाही, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार होतं. या दडलेल्या उष्णतेचा हिशेब जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १७६०च्या दशकात मांडला. मराठी शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो.

मग माठातल्या पाण्याचा बर्फ का होत नाही? कारण पाणी हवेपेक्षा गार झालं की हवेतून उष्णता आत यायला लागते. पाणी जितकं गार, तितकी आवक जास्त. शिवाय गार पाण्याचा बाष्पदाब कमी, म्हणजे उडण्याचा जोरही कमी. आवक आणि जावक बरोबरीला आली की पारा थांबतो. मे महिन्यातली परभणी-नांदेडकडची दुपार घ्या, हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. हवेतल्या वाफेचा दाब साधारण १२ मिलिबार भरतो आणि २२ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब २६. या १४ मिलिबारच्या फरकावर पाणी उडत राहतं, आणि वीस अंशांनी तापलेल्या हवेची आवक थोपवायला ते उडणं नेमकं पुरतं. म्हणून या हवेत पाणी उतरून उतरून उतरेल ते २२ अंशांपर्यंत. यालाच आर्द्र गोलकाचं तापमान म्हणतात. प्रत्यक्षातला माठ त्याच्या दोन-चार अंश वरच अडतो. हेच गणित मुंबईच्या ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला करून पाहा, उत्तर २७-२८ येतं. फरक जेमतेम सहा-सात अंशांचा. आपला कूलर मुंबईत का चालत नाही, तेही यातच आलं.

ऑइलपेंट ही छिद्रं बुजवतो. वरचं उघडं पाणी उडत राहतं, पण भांड्याचं सगळं बाहेरचं अंग बाद होतं. रंगाची हौस असेल तर गेरू लावा. परातीलाही माठाचा गुण देता येतो. ओलं गोणपाट तिच्याभोवती गुंडाळून त्याची एक कड पाण्यात बुडवून ठेवली की गोणपाट पाणी शोषत राहतं आणि बाहेरून उडवत राहतं. जुन्या जीपच्या पुढं लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागली, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, याच तत्त्वावर चालत.

उन्हात मात्र हे सगळं कोसळतं. फूटभर व्यासाच्या थाळीवर भर दुपारी सत्तरेक वॉट ऊन पडतं. ते सगळं शोषलं गेलं तर नुसतं तेवढं परतवायला तासाला शंभर मिलिलिटर पाणी उडावं लागेल. म्हणून सावली हवी. वास्तुवाले सांगतात, पाण्याचं भांडं ईशान्येला ठेवा, लक्ष्मी येते. लक्ष्मीचं सांगवत नाही, पण दुपारनंतर घराची सावली पूर्वेकडं पडते, तेव्हा ती जागा चुकून बरी निघते. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लातूरपासून संभाजीनगरपर्यंत एकेक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भरदुपारी भिंतीला सावलीच उरत नाही. त्या दिवसांत झाडच हवं. कडुनिंब उत्तम, फक्त मांजराला दबा धरता येईल असं झुडूप जवळ नको.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या पक्ष्याचं गणित. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश असतं आणि त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा ४३ अंशांवर गेली की उष्णता बाहेर जायची सोडून उलट आत शिरते. मग पाणी उडवणं एवढा एकच मार्ग उरतो. चोच वासून बसलेला कावळा किंवा साळुंकी पाहिलीत? ती श्वासनलिका आणि घशाच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडवत असते. म्हणजे पक्षी स्वतःच एक माठ असतो. धापा टाकताना छातीचे स्नायू राबतात आणि त्यांचीही उष्णता होते. होला इथं हुशारी करतो, गळ्याची पातळ कातडी भराभर थरथरवतो. मेहनत थोडी, वारा भरपूर. शिवाय होले आणि पारवे कातडीवाटेही बरंच पाणी उडवतात.

पक्ष्यानं २२ अंशांचं एक ग्रॅम पाणी प्यायलं, तर ते अंगाच्या तापमानाला येताना वीसेक कॅलरी शोषतं. बर्फाचं शून्य अंशाचं पाणी चाळीसेक. तेच ग्रॅम घशातून उडालं तर ५८०. बर्फानं पडणारा फरक वीस कॅलरींचा, आणि आपण फ्रीजचे ट्रे रिकामे करतो! पाणी गार किती यापेक्षा ते दिवसभर तिथं आहे का, हे महत्त्वाचं. दुपारी दोनला कोरडी पडलेली सुंदर थाळी काही कामाची नाही. साखर, ग्लुकोज, मीठ यांतलंही काही टाकू नका.

मे महिन्यात आपल्याकडं उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर उतरते. फूटभर थाळीतून पाऊण लिटरच्या आसपास पाणी उडतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात हा प्रश्न खोटा नाही. पण जायकवाडीच्या एका चौरस किलोमीटरवरून तेवढंच एक सेंटिमीटर उतरलं तर एक कोटी लिटर जातात. पाखरांच्या थाळीवर डोळे वटारायचं कारण नाही.  आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र थाळीत नको, त्यात क्षार दाटलेले असतात. पाणी उडतं, क्षार मागं राहतात आणि बोअरच्या पाण्यानं महिना-दीड महिन्यात मातीवर पांढरा थर चढतो. ही छिद्रं आतून बुजल्याची खूण. लिंबू किंवा व्हिनेगर चोळून थर काढावा, नुसतं वरून पाणी ओतत राहू नये.

डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. दोन दिवसांआड पाणी ओतून टाकून भांडं काथ्यानं घासलं की काम झालं. घासायचं एवढ्यासाठी, की डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्महिने तग धरतात. आरोग्य खात्याचा आठवड्याचा कोरडा दिवस यासाठीच असतो.

सगळ्यात जास्त घाण करतो कावळा. शिळी भाकरी, हाडूक, काहीही आणून पाण्यात भिजत घालतो. त्याच्यासाठी गच्चीच्या कठड्यावर जुनी परात वेगळी ठेवावी. तरीही तो चिमण्यांच्या थाळीत भाकरी टाकतोच. तसं झालं की पाणी त्याच दिवशी बदलायचं.