शाळा विकास आराखडा म्हणजे शाळेचं बजेट नव्हे

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "चला, बजेट लिहून घेऊ" म्हणत कुणी शाळा विकास आराखड्याचा कागद पुढे ओढला की मला राहवत नाही. बजेट, म्हणजे अंदाजपत्रक, सगळ्यांना ठाऊक आहे: यंदा एवढे येणार, एवढे जाणार, 31 मार्चला हिशेब. ते एका वर्षाचं, आराखडा तीन वर्षांचा, हेही पाठ असतं.

घोळ होतो तो सुरुवात कुठून करायची यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला दर वर्षी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार. हा आकडा आधी धरायचा आणि आराखडा त्यात कोंबायचा, अशी रीतच पडली आहे. एका द्विशिक्षकी शाळेचा आराखडा मी पाहिला. पट 28. वीजबिल, रंगरंगोटी, खडू, स्वच्छतेचं सामान. बेरीज बरोब्बर 10,000. त्याच शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गाचे पत्रे गळतात, पावसात मुलं दप्तरं पोटाशी धरून भिंतीकडे सरकतात. पत्र्यांचा कागदावर उल्लेखच नाही. विचारलं तर गुरुजी म्हणाले, "दहा हजारांत पत्रे कुठले बसायला?"

गुरुजींचा हिशेब बरोबर होता, पण तो अंदाजपत्रकाचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 22 सांगतं की शासनाच्या नियोजनाला आणि अनुदानाला आधार या आराखड्याचा घ्यायचा. आपण मात्र अनुदानाच्या आधाराने आराखडा करतो. अंदाजपत्रकात हाताशी आहे ते मांडायचं. आराखड्यात काय कमी आहे ते. तीन वर्षांचा इयत्तावार पट, लागणारे जादा शिक्षक, जादा खोल्या, आणि त्यासाठी वर्षवार लागणारा जादा पैसा. अनुदानाच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा आराखडा मला तरी आराखडा वाटत नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यांवर दहा टक्के चढवून केलेला तर मुळीच नाही.

नुसतं "छत दुरुस्ती" लिहून भागत नाही. कोणता वर्ग, किती पत्रे, अंदाजे खर्च किती, कोणत्या वर्षी, सगळं लिहा आणि समितीचा ठराव जोडा. मग जिल्हा परिषदेकडे मागा, ग्रामपंचायतीकडे मागा. यंदा पैसे आले नाहीत तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यातून ती ओळ खोडू नका.