रूळ उठले, चढ राहिला: लोहमार्गाच्या वाटेवरील मॅरेथॉनची पार्श्वभूमी

रूळ काढून पायवाट केलेल्या लोहमार्गावरची मॅरेथॉन वेगवान असते, असे इंदूरच्या धावणाऱ्या मंडळींत नेहमी बोलले जाते. हा वेग कुठून येतो हे समजून घ्यायचे, तर वाफेच्या इंजिनाची अडचण आधी पाहावी लागते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते, म्हणून एक इंजिन शेकडो टन ओढते. पण त्याच कारणाने चढ थोडा वाढला की चाके जागच्या जागी घसरू लागतात. त्यामुळे शक्यतो शंभर मीटरला एक-दोन मीटरपेक्षा जास्त चढ येऊ द्यायचा नाही, त्यासाठी टेकडी कापायची, सखल भागात भराव घालायचा, काहीच जमले नाही तर बोगदा खणायचा आणि वळणे रुंद ठेवायची, असा जुन्या अभियंत्यांचा शिरस्ता होता. इंजिनासाठी केलेली ही सोय माणसाच्या पायांनाही मानवते. मात्र रूळ असताना तिथे धावता येत नाही: दोन स्लीपरांमधले (रुळांखालच्या आडव्या तुळयांमधले) अंतर धावणाऱ्याच्या ढांगेपेक्षा कमी असते, त्यामुळे एक पाऊल स्लीपरवर पडले, तर पुढचे खडीत रुतते. म्हणून रूळ, स्लीपर आणि मोठी खडी काढून दगडाचा बारीक चुरा दाबून बसवला की मगच ती वाट होते.

अशा वाटा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाल्या, कारण सोडून दिलेले लोहमार्गही तिथेच सर्वांत जास्त होते. 1916 च्या सुमारास तिथले जाळे सुमारे चार लाख किलोमीटरांवर पोहोचले आणि पुढे मोटार व ट्रकपुढे ते आटत गेले. शिकागोजवळच्या एका बंद विद्युत रेल्वेच्या जागेवर पायवाट व्हावी, असे पत्र निसर्गअभ्यासक मे थाइलगार्ड वॉट्स यांनी 1963 मध्ये वृत्तपत्राला लिहिले आणि त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. विस्कॉन्सिनमधील एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे 51 किलोमीटरची, तीन बोगद्यांची वाट 1967 मध्ये खुली झाली. खरा पेच जमिनीचा होता. अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीला केवळ वहिवाटीचा हक्क असे आणि गाडी थांबली की जमीन मूळ मालकाकडे परत जाई, म्हणजे सलग मार्गाचे तुकडे पडत. 1983 च्या कायद्याने, भविष्यात पुन्हा रेल्वे लागू शकते या आधारावर, मार्ग राखून ठेवून मधल्या काळात पायवाट म्हणून वापरण्याची मुभा दिली आणि 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ग्राह्य धरला. माझ्या मते संपूर्ण इतिहासात याहून महत्त्वाची घटना नाही, कारण 42.195 किलोमीटरच्या शर्यतीला सलग पट्टाच लागतो.

वॉशिंग्टन राज्यात मिलवॉकी रोड या कंपनीने 1980 मध्ये सोडलेल्या मार्गावर आज ज्या मॅरेथॉन होतात, त्यांत धावणारे डोक्याला दिवा बांधून सुमारे 3.6 किलोमीटरच्या स्नोक्वाल्मी बोगद्यातून जातात आणि शेवटापर्यंत सुमारे 600 मीटर खाली उतरतात. बॉस्टन मॅरेथॉनची पात्रतावेळ गाठण्यासाठी अशा शर्यती लोकप्रिय झाल्या आणि वादही तिथूनच सुरू झाला. जागतिक विक्रमासाठी किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त निव्वळ उतार चालत नाही. बॉस्टनच्या आयोजकांनीही 2027 च्या शर्यतीपासून 1,500 ते 2,999 फूट निव्वळ उताराच्या शर्यतींतील वेळेत पाच मिनिटे, आणि उतार 3,000 ते 5,999 फूट असल्यास दहा मिनिटे, मिळवण्याचे ठरवले. हा निर्णय मला न्याय्य वाटतो.

आपल्या इंदूरच्या लोहमार्गाची कथाही चढाभोवतीच फिरते. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांसाठी एक कोटी रुपये कर्ज दिले, आणि खांडव्याहून इंदूरकडे येणारी मीटरगेजची होळकर स्टेट रेल्वे 1870 च्या दशकात बांधली गेली. नर्मदेवरचा पूल 1876 मध्ये खुला झाला. त्यापुढे विंध्याचा कडा चढून माळव्याच्या पठारावर यायचे, म्हणून कालाकुंड ते पातालपाणी हा घाट चाळीसला एक, म्हणजे किलोमीटरला 25 मीटर इतका उभा ठेवावा लागला. याच मार्गाने मीनाक्षी एक्स्प्रेस अकोला, हिंगोली, पूर्णा या गावांना इंदूरशी जोडत असे. इथल्या कितीतरी मराठी घरांचे माहेर-सासर त्या गाडीने बांधलेले होते. कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानावर कलाकंद मिळे, त्याचा ओलसर गोडवा बोटांना बराच वेळ राही.

ब्रॉडगेज करताना बहुतेक ठिकाणी जुनाच भराव रुंद करून वापरला जातो, त्यामुळे आपल्याकडे पायवाटेसाठी मोकळा पट्टा सहसा उरत नाही. इथे मात्र हा चढ ब्रॉडगेजला परवडणारा नसल्याने नवा मार्ग वेगळा आखला गेला आणि इंदूरजवळच्या महूपुढची नियमित मीटरगेज गाडी 2023 मध्ये थांबली. घाटात 2018 पासून हेरिटेज गाडी चालते, तिथे रूळ आहेत आणि ते राहावेत. त्यावर धावणे बेकायदाही आहे. कालाकुंडच्या खाली जो जुना भराव नव्या मार्गात येणार नाही, तो चोरल नदीच्या खोऱ्यात अतिक्रमणाआधी पायवाट म्हणून राखावा, आणि तिथे कधी शर्यत झालीच, तर ती इंजिनाप्रमाणे चढाच्या दिशेने, नर्मदेकडून वर, धावली जावी.