गाडीचा रंग कोणताही असो, फलक मात्र एकच हवा

गाडी बदलायला चार मिनिटं आहेत. एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसऱ्या कंपनीची गाडी पकडायची आहे. स्थानक अनोळखी, हातात बॅग, मागून येणाऱ्यांची रेटारेटी. अशा वेळी माणूस फलक वाचत नाही, आधी तो शोधतो. शोधणं आणि वाचणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांनी गाड्यांचे रंग आणि स्थानकांवरचे फलक सारखे ठेवावेत का, या जुन्या वादाचं उत्तर मला या फरकात दिसतं.

अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली दृष्टीच्या शोधाविषयी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल, तर तो झटकन डोळ्यांत भरतो. हिरवे ठिपके दहा आहेत की पन्नास, याने फारसा फरक पडत नाही. पण शोधायची आहे लाल आणि आडवी रेघ, आणि भोवती लाल उभ्या नि हिरव्या आडव्या रेघांची गर्दी आहे, असं झालं की नजरेला एकेक रेघ तपासत जावं लागतं. रेघा वाढल्या की वेळही वाढतो.

आता हेच स्थानकावर लावून पाहा. ‘मार्ग दाखवणारा फलक या रंगाचा असतो’ हे एकदा डोक्यात बसलं, की नजर जाहिराती, दुकानांच्या पाट्या, सूचना सगळं ओलांडून थेट तिथे पोहोचते. एका कंपनीचे फलक निळे, दुसरीचे पिवळे, तिसरीचे तिच्या बोधचिन्हाच्या जांभळ्या रंगाचे असतील, तर प्रवाशाला आधी हेच ठरवावं लागतं की इथे फलक कोणता आणि जाहिरात कोणती. चारपैकी अर्धं मिनिट तिथेच गेलं.

फलक सापडला की वाचण्याचा भाग येतो, आणि तिथे भूमितीचं राज्य असतं. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली दृष्टी तपासायचा तक्ता केला. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखण्यासाठी ते उंचीला साधारण ५ कला, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग, एवढं दिसावं लागतं, हे त्याचं माप. गणित केलं तर २० मीटरवरून ओळखायच्या अक्षराची उंची जवळजवळ ३ सेंटीमीटर येते. हीसुद्धा अगदी शेवटची मर्यादा आहे : उजेड भरपूर, माणूस स्थिर, चष्म्याचा नंबर बरोबर. चालत्या, थकलेल्या, साठी ओलांडलेल्या प्रवाशासाठी दुप्पट-तिप्पट तरी धरायला हवी. या गणितात कंपनीच्या नावाला कुठेच जागा नाही.

अक्षरांच्या वळणाचं महत्त्व मात्र आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यांच्या नव्या फलकांवरून वाद झाला, तेव्हा बेन्सन इथल्या विमानतळावर चाचणी घेतली गेली. हवाई दलाचे लोक मंचावर बसले आणि टपावर फलक लावलेली गाडी त्यांच्या दिशेने चालवत आणली. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या आरेखनकारांच्या साध्या, बिनशेंड्यांच्या (टोकांना बारीक रेघा नसलेल्या) अक्षरांपेक्षा अक्षरकार डेव्हिड किंडरस्ले यांची जुन्या वळणाची, शेंड्यांची कॅपिटल अक्षरं किंचित सरस ठरली, पण फरक होता जेमतेम ३ टक्क्यांचा. एवढ्याशा फरकावर निर्णय फिरणार नव्हता. शेवटी किनीर-कॅल्व्हर्ट यांचीच अक्षरं स्वीकारली गेली. माझ्या मते या चाचणीतून घ्यायचं ते हे : नीट आखलेल्या दोन वळणांपैकी कोणतंही घ्या, पण सगळीकडे तेच ठेवा.

त्याच जोडीने पुढे ब्रिटिश रेल्वेसाठीही अक्षरं घडवली. १९४८च्या राष्ट्रीयीकरणानंतर तिथे सहा विभाग आणि स्थानकांच्या पाट्यांचे सहा रंग होते : पश्चिमेला तपकिरी, दक्षिणेला हिरवा, स्कॉटलंडला फिका निळा असे. १९६५ साली सगळीकडे एकच अक्षरमाला आणि दोन बाणांची जोडखूण आली. १९९३च्या कायद्याने खासगीकरणाची वाट मोकळी झाल्यावर प्रत्येक कंपनीने आपापला रंग आणि आपापली अक्षरं आणली. दोन बाणांची खूण मात्र टिकली. आता मे २०२५पासून तिथल्या प्रवासी सेवा एकेक करून पुन्हा सरकारच्या हाती येत आहेत, त्यामुळे हा प्रश्न तिथे नव्याने चर्चेत आहे.

पण फलक सारखे हवेत म्हणून गाड्याही एकाच रंगाच्या हव्यात, असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये अनेक कंपन्यांच्या गाड्या धावतात आणि त्यांचे रंग वेगवेगळे आहेत. पण सुटणाऱ्या गाड्यांचं छापील वेळापत्रक पिवळ्या कागदावर, ही रीत पक्की आहे. जपानमध्येही कंपनी कोणतीही असो, फलाटावरच्या पाटीवर मधोमध स्थानकाचं नाव आणि खाली दोन्ही बाजूंना पुढचं-मागचं स्थानक अशीच मांडणी बहुतेक ठिकाणी दिसते. एक पाटी वाचता आली की दुसरी आपोआप येते.

गाडीचा रंग कधीकधी प्रवाशाच्या उपयोगाचाही असतो. लंडनहून गॅटविक विमानतळाकडे जाणाऱ्या एकाच मार्गावर लाल रंगाची खास गाडीही धावते आणि साध्या गाड्याही. खास गाडीचं भाडं जास्त आहे. स्वस्त तिकीट घेतलेल्याने चुकून लाल गाडीत चढू नये, यासाठी तो रंग कामाचा आहे. सगळ्या गाड्या एकसारख्या रंगवल्या आणि भाडी मात्र वेगळीच ठेवली, तर एकसारखेपणाच फसवा ठरेल. आधी तिकीट एक करा, मग रंग.

गाडीच्या काही भागांवर मात्र कंपनीची हौस चालता कामा नये. पहिला भाग म्हणजे गाडीचं तोंड. भरदिवसा आपल्या डोळ्यांची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळसर हिरव्याला, सर्वाधिक असते. अंधारात ती ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. म्हणूनच संध्याकाळी लाल फूल काळपट दिसू लागतं आणि शेजारची पानं तुलनेने उजळ वाटतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. गडद लाल तोंडाची गाडी तिन्हीसांजेला अशीच विझत जाते. पिवळा रंग मात्र लाल आणि हिरवा असा दोन्ही प्रकाश भरपूर परत फेकतो. वाफेच्या इंजिनांपेक्षा कमी आवाज करणाऱ्या डिझेल आणि विजेच्या गाड्या आल्यावर, रुळांवर काम करणाऱ्यांना त्या वेळेत दिसाव्यात म्हणून १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये गाड्यांची तोंडं पिवळी केली गेली. पुढचे दिवे पुरेसे प्रखर असतील तर ही सक्ती २०१६पासून तिथे उरलेली नाही. रुळांवर वाकून काम करणाऱ्या माणसाचा विचार केला, तर मला तरी पिवळं तोंडच हवंसं वाटतं.

दुसरा भाग दाराचा. युरोपच्या नियमांनुसार प्रवासी दार बाहेरून डब्याच्या अंगापेक्षा उठून दिसलंच पाहिजे. पण उठून दिसणं म्हणजे नुसता वेगळा रंग नव्हे. हिरव्या डब्याला लाल दार लावलं आणि दोन्ही सारखाच प्रकाश परावर्तित करत असतील, तर लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला सलग भिंतच दिसते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचं प्रमाण सुमारे ८ टक्के, म्हणजे बारांत एक आहे. मोतीबिंदू झालेले लोक त्याखेरीज. म्हणून दार ठरवताना रंगाच्या नावाआधी उजळपणातला फरक मोजायला हवा : गडद डब्याला फिकं दार, फिक्या डब्याला गडद.

यात खर्चाचीही सोय आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक डबे भाड्याने घेतलेले असतात आणि कंत्राट बदललं की ते एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. मग पुन्हा रंगकाम, नाहीतर अंगभर चिकटपट्टी. तोंड, दारं आणि वर्ग दाखवणाऱ्या खुणा कायमच्या ठरलेल्या असतील, तर नव्या कंपनीला खिडक्यांखालचा पट्टा तेवढा बदलावा लागेल. त्यावर तिने हवा तो रंग लावावा. अंधूक नजरेने दार शोधणाऱ्या माणसाला तो बदल कळलाही नाही तरी चालेल, दार त्याला कालच्यासारखंच सापडेल.