'पगार' ओळखीचा, मग 'पागारे' का नको?

नवीन बॅचसाठी, पहिल्या तासाआधी वाचायला

इटालियन क्रियापदांचा तक्ता पाहिला की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. तीन गट, प्रत्येकी सहा रूपं. पण 'जातो, जातोस, जातात' म्हणताना आपण कुठे प्रत्यय मोजत बसतो?

आमच्याकडे सुरुवात 'पागारे'ने होते. अर्थ, पैसे देणं. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. त्यांचं 'पागार' आणि इटालियन 'पागारे' ही एकाच लॅटिन घरातली भावंडं. शेवटचं 'आरे' काढून टाका आणि प्रत्यय जोडा: पागो (मी), पागी (तू), पागा (तो, ती), पागियामो (आम्ही आणि आपणसुद्धा), पागाते (तुम्ही), पागानो (ते, त्या). बाई बोलो की पुरुष, 'पागो'च. 'देतो-देते'ची भानगड नाही. 'मी'ही सांगावा लागत नाही. निघताना आपण नुसतं 'येतो हं' म्हणतो, तसंच.

लिहिताना मात्र 'पागी' आणि 'पागियामो'त एक मुका 'एच' घालावा लागतो, नाहीतर 'ग'चा 'ज' होतो. देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांना तो दिसतच नाही, म्हणून वही रोमन लिपीतच ठेवा. आणि 'पागानो'त जोर 'पा'वर द्या. 'गा'वर दिलात तर अर्थ होतो मूर्तिपूजक!

बाकीचे दोन गट सोपे आहेत. 'प्रेंदेरे' (घेणं): प्रेंदो, प्रेंदी, प्रेंदे, प्रेंदियामो, प्रेंदेते, प्रेंदोनो. 'दोर्मिरे' (झोपणं) अगदी तसंच चालतं, फक्त 'तुम्ही'ला दोर्मिते. खोडी आहे ती 'इरे' गटातल्या 'कापिरे'सारख्या (समजणं) क्रियापदांची. ती मध्येच 'इस्क' घुसवतात: कापिस्को, कापिशी, कापिशे, कापिस्कोनो. 'आम्ही-तुम्ही'त मात्र सरळ कापियामो, कापिते. म्हणून 'इरे'चा नवा शब्द लिहिताना शेजारी 'मी'चं रूपही लिहायचं, हा आमच्या वर्गाचा नियम.

मराठी माणूस हमखास चुकतो तो मान देताना. आपण आदरासाठी अनेकवचन वापरतो, म्हणून हॉटेलच्या काउंटरवर तोंडातून 'पार्लाते' (तुम्ही बोलता) निघतं. तिथे एका अनोळखी माणसाला विचारायचं ते 'पार्ला इंग्लेझे?' (इंग्रजी बोलता का?), म्हणजे 'लेई' (ती) धरून 'ती'चं एकवचनी रूप, समोर मिशीवाले आजोबा असले तरी. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 साली 'लेई' हटवून अनेकवचनी 'वोई' (तुम्ही) लादायचा प्रयत्न केला होता. राजवट गेली, 'लेई' राहिलं. दक्षिण इटलीत आदराचं 'वोई' अजून कानावर पडतं, पण तुम्ही 'लेई'च धरा.

पहिल्या तासाला येताना पागारे, प्रेंदेरे आणि दोर्मिरे मोठ्याने म्हणून या. मनातल्या मनात म्हटलेलं आम्ही धरत नाही.