परदेशी जाताय? औषधांची यादी आधी आमच्याकडे द्या

आमच्यासोबत सहलीला येणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

तिकीट, व्हिसा, विमा यांची चौकशी सगळेच करतात, गोळ्यांची सहसा कोणी करत नाही. रोजच्याच गोळ्या, डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या, त्यात विचारायचं काय, असं वाटतं. पण एका देशात चिठ्ठीवर सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असू शकते. विमानतळावर उतरलात की तिथलाच कायदा लागू.

या औषधांवरचं जागतिक नियंत्रण मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या दोन करारांवर उभं आहे. 1961 च्या करारात मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल ही वेदनाशामकं येतात. 1971 च्या करारात डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, तसंच एकाग्रतेच्या विकारावरचं (ADHD) मेथिलफेनिडेट येतं. स्वतःच्या वापरापुरतं थोडं औषध प्रवाशाला नेऊ द्यावं, अशी मुभा 1971 च्या करारात देशांना आहे. मात्र किती न्यायचं आणि कोणते कागद लागतील, हे ज्याचा तो देश ठरवतो.

खरी गोची होते ती करारात नसलेल्या औषधांची. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आंतरराष्ट्रीय यादीत नाही, तरी संयुक्त अरब अमिराती आणि इजिप्तमध्ये त्यावर कडक नियंत्रण आहे. नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन ब्रिटनने एप्रिल 2019 मध्ये नियंत्रित यादीत घातलं. म्हणून ‘मागच्या वेळी नेलं होतं, कोणी विचारलं नाही’ यावर विसंबू नका.

सर्वांत जास्त प्रश्न आम्हाला जपानबद्दल येतात. ॲम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधं तिथे नेताच येत नाहीत, डॉक्टरांचं पत्र असलं तरी. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये असणारं स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तेही नाही. चिठ्ठीवरची साधी औषधं, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या वगैरे, एका महिन्यापुरती चालतात. त्याहून जास्त हवी असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा कागद निघण्यापूर्वीच मिळवावा लागतो. मॉर्फिनसारख्या औषधांना वेगळी पूर्वपरवानगी लागते.

अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी ऑनलाइन परवानगी घेता येते. सिंगापूरमध्येही काही औषधांना आगाऊ मंजुरी लागते. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध 3 महिने किंवा त्याहून जास्त पुरेल इतकं नेत असाल तर परवाना हवा. नियंत्रित औषध सोबत नेण्यासाठीचं युरोपातलं 30 दिवसांचं शेंगेन प्रमाणपत्र मात्र तिथल्या रहिवाशांसाठी असतं, ते मिळवायला धावपळ करू नका.

डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे मूळ घटकाचं नाव), डोस आणि बरोबर नेत असलेली एकूण संख्या हवी. जेनेरिक नावाचा आम्ही आग्रह धरतो, कारण कंपनीचं नाव सीमेपलीकडे कोणाला कळत नाही. पत्रावर तारीख, सही आणि शिक्का हवाच.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, मूळ खोक्यात ठेवा. आमच्या एका प्रवाशाने जागा वाचावी म्हणून सगळ्या गोळ्या सोलून एका डबीत भरल्या होत्या. कस्टमच्या टेबलावर त्यातली कोणती कशाची, हे त्या प्रवाशालाही सांगता येईना! औषधं हातातल्या बॅगेतच असू द्या, मोठी बॅग उशिरा आली तरी अडणार नाही. बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेतल्या द्रवपदार्थांना 100 मिलिलिटरची मर्यादा असते. गरजेच्या औषधांना तीत सवलत मिळते, पण ती बाटली तपासणीला आधीच काढून दाखवावी लागते. विमान बदलताना मधल्या देशात विमानतळाबाहेर पडणार असाल तर तिथलेही नियम बघावे लागतात.

नातेवाइकांसाठी किंवा ओळखीच्यांसाठी औषधाचं पुडकं नेऊ नका. तुमच्या नावाचं पत्र त्याला लागू पडत नाही.

परवानगीला कधी कधी आठवडे लागतात. म्हणून बुकिंगच्या अर्जासोबतच यादी द्या, खोकल्याचं औषध आणि झोपेची अर्धी गोळीसुद्धा लिहा. एखादं औषध चालणार नसेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. पर्यायाचं डॉक्टर बघतील. आम्ही संबंधित दूतावासाचा नियम शोधून देतो, त्यापुढचा सल्ला आमचा नाही. यादी तुमची फाइल पाहणाऱ्या कर्मचाऱ्यापुरतीच राहते आणि सहल संपली की फाडून टाकली जाते.