मत्स्यबीज केंद्रातील माशांवर खूण करण्याचे कायदे

मत्स्यबीज केंद्रात वाढवून नदीत किंवा तलावात सोडलेले मासे निसर्गात जन्मलेल्या माशांपासून वेगळे ओळखता यावेत, म्हणून त्यांच्यावर खूण करणे बंधनकारक करणारे किंवा त्या कामाला पाठबळ देणारे कायदे. याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सॅमन मासेमारीत सापडते.

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परततो. कोलंबिया नदीवरील धरणांनी ही वाट अडवली. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणावर तर मासे चढून जाण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्याच्या वरचा सारा प्रवाह सॅमनला बंद झाला. घटलेले मासे भरून काढण्यासाठी १९३८ च्या मिचेल कायद्यातून मिळणाऱ्या आणि इतर निधीतून बीज केंद्रे उभी राहिली. त्यांनी मासे दिले, पण नैसर्गिक पैदास सावरली नाही. कोलंबियाची उपनदी स्नेक हिच्यातील सॉकाय जातीचे सॅमन १९९१ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या खाडीतील चिनूक जातीचे सॅमन १९९९ मध्ये संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या संरक्षणाखाली आले. खरा पेच इथे आहे. केंद्रातला मासा पकडण्यासाठीच सोडलेला असतो, निसर्गातला वाचवायचा असतो; दोघे एकाच पाण्यात पोहतात आणि दिसतात अगदी सारखे.

खुणेचे तंत्र मात्र आधीच तयार होते. कीथ जेफर्ट्स व पीटर बर्गमन यांनी १९६० च्या दशकात सांकेतिक तारेचा टॅग विकसित केला. सुमारे १.१ मिलिमीटर लांबीचा आणि पाव मिलिमीटर जाडीचा हा पोलादी तुकडा पिल्लाच्या नाकाडातील कूर्चेत टोचतात. त्यावरच्या संकेतावरून मासा कोणत्या केंद्रातला, कोणत्या वर्षीच्या कोणत्या गटातला, हे कळते. टॅग बाहेरून दिसत नाही. त्यामुळे टॅग टोचलेल्या माशाच्या पाठीवरचा, शेपटीकडचा छोटा मांसल पर कापून टाकण्याची पद्धत पडली. धक्क्यावरचा नमुना गोळा करणारा कर्मचारी असा पर नसलेला मासा दिसला की त्याचे डोके कापून घेई, चिठ्ठीसह पिशवीत घालून प्रयोगशाळेला पाठवी. तिथे टॅग काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचला जाई. १९८५ च्या अमेरिका-कॅनडा पॅसिफिक सॅमन करारातही दोन्ही देशांनी ही टॅग व्यवस्था टिकवण्याचे मान्य केले. कोणाचा मासा कोणी पकडला याचा हिशेब तिच्यावरच चालतो.

वॉशिंग्टन राज्याच्या १९९५ च्या कायद्याने या पराला नवे काम दिले. राज्याच्या केंद्रांतून सुटणाऱ्या योग्य त्या कोहो सॅमनवर, आणि पुढे चिनूकवरही, मच्छीमाराला बाहेरून ओळखता येईल अशी खूण करण्याचे बंधन मत्स्य विभागावर आले. जास्तीत जास्त मासे पकडता यावेत आणि पैदासही टिकावी, असा दुहेरी हेतू कायद्यात नोंदवलेला आहे. यातून निवडक मासेमारी शक्य झाली : पर कापलेला असेल तर मासा ठेवा, शाबूत असेल तर पाण्यात सोडा. संघराज्याच्या पातळीवर अमेरिकी काँग्रेसने मत्स्य व वन्यजीव सेवा या संघराज्य संस्थेच्या (पुढे ‘वन्यजीव सेवा’) वार्षिक निधी-कायद्यांत तशीच अट घातली. संघराज्य सरकार चालवत असलेल्या किंवा त्याच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांतून पकडण्यासाठी सोडलेल्या कोहो, चिनूक आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) या माशांवर डोळ्यांना दिसणारी खूण हवीच, असा तिचा आशय. वॉशिंग्टनचे प्रतिनिधी नॉर्म डिक्स यांचा यासाठी आग्रह होता.

या धोरणावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष करून कायद्याचे मोल ठरवता येत नाही. पहिला हिशेबाचा. सरसकट पर कापले जाऊ लागल्यावर ‘पर नाही म्हणजे टॅग आहे’ हा जुना अर्थ गेला. आता माशाच्या नाकाडावरून शोधयंत्र फिरवावे लागते, आणि निवडक मासेमारीचा परिणाम मोजण्यासाठी टॅगचे जोड-गट सोडावे लागतात, एक पर कापलेला व एक न कापलेला. शिवाय गळाला लागून सुटलेल्या माशांपैकी काही मरतातच. दुसरा आक्षेप आदिवासी राष्ट्रांचा. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने वॉशिंग्टनमधील करारबद्ध (अमेरिकी सरकारशी पूर्वी करार केलेल्या) जमातींना पकडीचा निम्मा वाटा मान्य केला, आणि १९८० मध्ये त्यात केंद्रातले मासेही मोजायचे असे ठरले. कोलंबिया खोऱ्यातील नेझ पर्स, याकामा, उमॅटिला व वॉर्म स्प्रिंग्ज या जमाती केंद्रातले मासे नदी पुन्हा भरण्यासाठीही सोडतात. खूण झालेला मासा वरच्या उपनदीपर्यंत पोहोचण्याआधीच खाली पकडला जाणार, अशी त्यांची भीती आहे. ती रास्त आहे. कायद्यातील ‘योग्य त्या’ व ‘पकडण्यासाठीच्या’ या शब्दांवर म्हणूनच इतका वाद होतो.

मूळ ओळखण्याचे इतर मार्गही आहेत. अलास्कात पिल्लांच्या पाण्याचे तापमान ठरावीक क्रमाने बदलून कानातील खड्यावर वलये उमटवतात; आयडाहोत पालक माशांच्या डीएनएवरून वंश ओळखतात. पण होडीतल्या मच्छीमाराला या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे दृश्य खुणेची कायदेशीर अट त्यांनी पूर्ण होत नाही.

ग्रेट लेक्समध्ये हेतू वेगळा आहे. तिथे वन्यजीव सेवेने २०१० मध्ये लेक ट्राउट व चिनूकवर सामूहिक खूण करण्याचा कार्यक्रम सुरू केला. ट्रेलरमध्ये बसवलेली स्वयंचलित यंत्रे कॅमेऱ्याने पिल्लाची लांबी मोजतात, पर कापतात आणि टॅग टोचतात, तेही भूल न देता. या खुणांमुळेच मिशिगन सरोवरातील निम्म्याहून अधिक चिनूक तिथेच नैसर्गिकरीत्या जन्मलेले असल्याचे दिसले, आणि दरवर्षी किती पिल्ले सोडायची हा निर्णय अंदाजावर न राहता मोजणीवर आला. या कार्यक्रमाला स्वतंत्र कायद्याचा आधार आणि खात्रीचा निधी मिळावा, यासाठी मिशिगनच्या प्रतिनिधी डेबी डिंगेल यांनी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले आहे.