डिझाइनचं शिक्षण आणि प्रत्यक्ष काम, यात अंतर पडलं कसं

"कॉलेजात शिकलो त्याचा कामावर काही उपयोग नाही" असं प्रत्येक बॅच म्हणते आणि प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय. तक्रार पावणेदोनशे वर्षं तरी जुनी आहे.

आधी तर शाळाच नव्हती. पोरगं छापखान्यात नाहीतर विणकराकडे कामाला राहायचं, झाडलोट करत बघत बसायचं, मग कधीतरी हत्यार हातात मिळायचं. गिऱ्हाईक कशावर अडून बसतं, भाव कसा ठरतो, माल परत आला की काय होतं, हे कुणी मुद्दाम शिकवत नव्हतं, आपोआप कानावर पडायचं.

मग कारखाने आले, नक्षी काढणारा एकीकडे आणि बनवणारा दुसरीकडे. फ्रेंच माल देखणा म्हणून जास्त खपतो या धास्तीने ब्रिटिश सरकारने १८३७ मध्ये लंडनला सॉमरसेट हाउसमध्ये डिझाइनची शाळा काढली. हेतू उद्योगाचाच होता, पण पोरं प्लास्टरचे नमुने बघून कागदावर उतरवत बसली. आता जाकार मागावर, म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, कापड विणायचं तर नक्षी चौकटीच्या कागदावर मांडावी लागते, एक चौकट म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना भेटतो ती जागा, त्यामुळे कागदावरची सुंदर गोलाई कापडावर पायऱ्यापायऱ्यांची होते. माग न बघता हे कळणार कसं? कारखानदार कुरकुर करायला लागले आणि १८४९ मध्ये संसदेची समितीच चौकशीला बसली.

याचं सगळ्यात मनापासून दिलेलं उत्तर मला बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेचं वाटतं. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिउसने वायमारमध्ये ती सुरू केली आणि वर्कशॉपला दोन मास्टर ठेवले, एक कलाकार आणि एक कारागीर. मारियान ब्रांट तिथल्या मेटल वर्कशॉपमध्ये विद्यार्थिनी म्हणून आली आणि १९२८ पर्यंत तिने केलेले दिवे लाइपझिगच्या कंपनीत तयार होऊन बाजारात जात होते. नंतर १९५३ मध्ये सुरू झालेल्या, जर्मनीतल्याच उल्मच्या डिझाइन शाळेने हेच पुढे नेलं, तिथे शिकवणाऱ्या ओटल आयशरच्या ग्रुपने १९६२ मध्ये लुफ्तान्साची ओळख, म्हणजे लोगो, रंग, अक्षरं, नव्याने डिझाइन केली, म्हणजे अख्खी एअरलाइन क्लायंट म्हणून थेट शाळेत आली!

पण खरा फटका नंतर बसला आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पूर्वी स्टुडिओत नवीन पोराचं काम म्हणजे पेस्टअप, टाइपसेट होऊन आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून, मेण लावून, सरळ रेषेत बोर्डवर चिकटवायच्या. काम कंटाळवाणं, पण सिनियरच्या शेजारी बसून त्याचे क्लायंटशी होणारे फोन ऐकू यायचे, शेवटच्या क्षणी आलेलं करेक्शन कसं निस्तरायचं ते दिसायचं. १९८५ मध्ये कॉम्प्युटरवरच पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं आणि हळूहळू ही पायरीच गेली. काम वाचलं हे चांगलंच झालं, पण ते करता करता जे शिकणं व्हायचं ते कुठे हलवायचं याचा विचार कुणी केला नाही.

१९९८ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहिरात, फॅशन, सॉफ्टवेअर वगैरे १३ क्षेत्रं 'क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज' म्हणून एकत्र मोजली, मग कॉलेजांवरही नोकरीला तयार पोरं द्या म्हणून दबाव वाढला. आज इंटर्नशिप, लाइव्ह प्रोजेक्ट, पोर्टफोलिओ रिव्ह्यू हे जे चाललंय ते त्या गेलेल्या पायरीच्या जागी आहे, आणि म्हणूनच इंटर्नला नुसत्या फाइल्स एक्स्पोर्ट करायला न लावता क्लायंटच्या मीटिंगमध्ये शेजारी बसवा असं मला कळकळीने वाटतं.